थोरलीची रंगपेटी आणि मोठ्यांचा अबोला

पत्र थोडक्यात असं : नाशिकच्या इंदिरानगरमध्ये राहणाऱ्या एका आईने लिहिलं आहे. खालच्या मजल्यावर त्या, त्यांचे यजमान, आठ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. वरच्या मजल्यावर दीर, जाऊ आणि त्यांचा साडेचार वर्षांचा मुलगा. जाऊबाई नोकरी करतात, त्यामुळे शाळा सुटल्यापासून संध्याकाळपर्यंत दोन्ही मुलं खालीच. भांडणं रोजची आणि सासूबाईंचा निवाडाही रोजचा : "तू मोठी आहेस ना, दे त्याला." दिवाळीत मामाने थोरलीला रंगपेटी दिली. धाकट्याने ती ओढून घेतली, दोन-तीन खडू मोडले. थोरलीने त्याला ढकललं आणि दिवाणाच्या कडेवर आपटून त्याच्या कपाळाला टेंगूळ आलं. आईने रागाच्या भरात मुलीला सगळ्यांसमोर सॉरी म्हणायला लावलं आणि पेटी धाकट्याला देऊन टाकली. तेव्हापासून जाऊबाई कामापुरतंच बोलतात. मुलगी आपल्या सगळ्या वस्तू दप्तरात भरून ते घरभर घेऊन हिंडते, जेवतानाही मांडीशी. "ती आपमतलबी होत चालली आहे का? वाटून घ्यायला आणि न भांडता राहायला तिला कसं शिकवू?" असं त्या विचारतात.

ताई,

दप्तर मांडीशी घेऊन जेवणारी मुलगी मला आपमतलबी वाटत नाही. तिची आवडती वस्तू एकदा तिला न विचारता घरातल्याच माणसाने दुसऱ्याला दिली, म्हणून उरलेल्या वस्तू ती सांभाळते आहे. तिच्या जागी तुम्ही असतात तर काय केलं असतं? समजा, तुमच्या माहेरून आलेली पैठणी सासूबाईंनी 'ती धाकटी आहे, तिला हौस आहे' म्हणत जाऊबाईंच्या हातात ठेवली असती, तर तुम्हीही दुसऱ्या दिवशी कपाटाची किल्ली कमरेला लावली असती. आणि त्यावरून तुम्हाला कोणी आपमतलबी म्हटलं असतं तर ते तुम्ही वर्षानुवर्षं विसरला नसतात.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट धरून चालली आहे, ती आधी बाजूला काढू. मूल वस्तू सोडत नाही म्हणजे त्याला वाटून घेणं येत नाही, असं आपण मानतो. त्यामुळे शिकवणं म्हणजे त्याच्या हातातून वस्तू सोडवणं, असा आपल्याकडचा शिरस्ता पडला आहे. पण हुकमावरून दिलेल्या वस्तूत देण्याचा भाग कुठे असतो? तिथे फक्त ताबा बदलतो. यातून थोरली 'मोठं माणूस बघत असेल तर द्यावं लागतं' हे शिकते आणि धाकटा 'जोरात रडलं की मिळतं' हे शिकतो. दोघंही हुशार आहेत, धडा चटकन उचलतात.

आता वयाचं. साडेचार वर्षांच्या मुलाला समोरची वस्तू दिसते, ती हवीशी वाटते, बस. ताईचं चित्र अर्धं झालंय, हिरव्या खडूशिवाय तिचं झाड अडलंय, हे त्याच्या डोक्यात आत्ता कुठे शिरायला लागलं आहे. त्याने खडू मोडले ते दुष्टपणाने मोडले नाहीत. या वयात खडू मोडतातच. स्वित्झर्लंडमधल्या तीन ते आठ वर्षांच्या मुलांवरचा एक अभ्यास 2008 साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आला होता. खाऊ आपल्याला एक आणि दुसऱ्याला एक, की दोन्ही आपल्यालाच, अशी निवड मुलांपुढे ठेवली होती. तीन-चार वर्षांच्या मुलांत वाटून घेणारी अगदी मोजकी निघाली. सात-आठ वर्षांच्यांतही ती निम्म्याच्या आसपासच होती. म्हणजे तुमची मुलगी आत्ता कुठे त्या उंबरठ्यावर आहे आणि पुतण्या त्यापासून बराच लांब. दोघांकडून एकाच मापाची अपेक्षा करणं त्याच्यावर अन्यायाचं आहे आणि सगळं ओझं तिच्यावर टाकणं तिच्यावर.

आठव्या वर्षी मुलं हिशेबाला फार कडक असतात, हेही ध्यानात घ्या. कोणाला किती लाडू मिळाले, कोण आधी गाडीच्या खिडकीशी बसलं, सगळं पाठ असतं. आपल्याला ते क्षुद्र वाटतं. मला मात्र न्यायाची जाण उगवते ती अशाच कटकटीतून, असं वाटतं. तेव्हा 'एवढ्याशा खडूसाठी काय भांडतेस?' हे वाक्य बंद करा. भांडण खडूचं नसतंच, 'माझ्या बाजूने कोणी बोलणार आहे का' याचं असतं.

वाटपाच्या बाबतीत आपण नाशिककरांनी मुलांना फार उपदेश करूच नये, असं मला कधीकधी वाटतं. गंगापूर धरणातून जायकवाडीला पाणी सोडायचं म्हटलं की इथली केस पिकलेली, शहाणीसुरती माणसं काय काय बोलतात ते आपण दर दुष्काळी वर्षी ऐकतो. पण तिथे निदान पाणीवाटपाचा 2005 सालचा कायदा आहे. 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्क्यांहून कमी साठा असेल तर वरून पाणी सोडायचं, असा आकडा या वाटपासाठी नेमलेल्या मेंढेगिरी समितीने घालून दिला. वाद त्यानेही मिटले नाहीत. तरी काय मोजायचं, कधी मोजायचं हे टंचाईच्या आधी कागदावर आलं. तुमच्या घरात वस्तूंबाबत आधी ठरलेलं काहीच नाही. जे काही ठरतं ते रडारड सुरू झाल्यावर, आणि प्रत्येक वेळी एकाच पारड्यात.

म्हणून पहिलं काम नियमाचं. भांडण नसताना, एखाद्या रविवारी सकाळी, मुलीला बरोबर घेऊन तिच्या वस्तूंचे दोन भाग करा. काही वस्तू फक्त तिच्या. त्यांना तिच्या परवानगीशिवाय कोणी हात लावायचा नाही, तुम्हीसुद्धा नाही. बाकीच्या खेळायला काढायच्या : ठोकळे, चेंडू, जुने खडू, भातुकली. कोणती वस्तू कुठे जाईल हे तिनेच ठरवायचं. सुरुवातीला ती जवळजवळ सगळंच 'फक्त माझं'मध्ये टाकेल. टाकू द्या. तिला कपाटाचा एक वरचा खण द्या, धाकट्याचा हात पोचणार नाही असा. खण आपला आहे याची खात्री पटली की काही दिवसांत त्यातल्या वस्तू आपोआप बाहेर येऊ लागतात, कारण एकटीने खेळायला मजा येत नाही हे तिलाही कळतं. नाहीच आल्या, तरी तुमचा नियम मोडू नका. दप्तरही त्या खणामुळेच सुटेल. 'दप्तर खाली ठेव' असं सांगून सुटणार नाही.

त्याआधी एक अवघड काम आहे आणि ते तुमच्या वाट्याचं आहे. तिच्याजवळ बसून सांगा, "रंगपेटी तुझी होती. ती मी तुला न विचारता दिली. मी तसं करायला नको होतं." एवढंच. पुढे 'पण तूसुद्धा त्याला ढकललंस' हे जोडू नका. ते वाक्य त्याच दमात आलं की आधीचं सगळं पुसलं जातं. ढकलण्याबद्दल वेगळ्या वेळी बोला, आणि त्यात मात्र कुठलीही सूट देऊ नका : "नाही म्हणायचा तुला हक्क आहे. ढकलायचा नाही." ती पेटी आता पुतण्याकडून परत घेऊ नका, तो नवा तमाशा होईल. तिला दुसरी घेऊन द्या आणि कोणती घ्यायची ते तिला निवडू द्या.

नकार कसा द्यायचा हेही शिकवावं लागतं. बहुतेक मुलांना दोनच गोष्टी येतात, देऊन टाकणं किंवा मारणं. मधल्या जागेत जी वाक्यं असतात ती कोणी त्यांच्या तोंडात घातलेलीच नसतात. "माझं झालं की देते." "हा खडू नको, हा घे." "तू माझ्या वहीला हात लावलास तर मी आईला हाक मारीन." शेवटच्या वाक्याला आपण चहाडी म्हणतो. पण हात उगारण्याऐवजी हाक मारली तर त्या मुलीला शाबासकी द्यायला हवी. दोघींनी लुटुपुटूचा खेळ करून ही वाक्यं म्हणून बघा. तुम्ही धाकटा व्हा, खडू ओढा, नाटकी रडा. ती हसेल, पण वाक्य तोंडात बसेल.

'माझं झालं की देते' यावर तुमच्या सासूबाई म्हणतील, ती कधी संपवणारच नाही. माँटेसरी पद्धतीच्या वर्गात प्रत्येक साधनाचा एकच संच मुद्दाम ठेवतात. एक मूल ते घेऊन बसलं की त्याचं होईपर्यंत दुसऱ्याने थांबायचं, पहिल्याने साधन जागेवर नेऊन ठेवलं की मग उचलायचं. 'आता त्याला दे' असं बाई सांगत नाहीत. अडीच-तीन वर्षांची पोरं तिथे थांबायला शिकतात. घड्याळ लावून पाच-पाच मिनिटं देण्यापेक्षा हे मला बरं वाटतं. घड्याळ लावलं की दोघांचंही लक्ष खेळण्याऐवजी काट्याकडे जातं. झोपाळ्यासारखी गोष्ट असेल तर झोके मोजा, वीस झाले की उतरायचं. मोजायचं काम थांबलेल्या मुलाने करायचं. थांबणं त्याने सोपं होतं. धाकट्याला वीसपर्यंत आकडे येत नसतील तर तेही येऊन जातील.

खाण्याच्या वस्तूंना जुना उपाय पुरतो. द्राक्षांचा घड असो की चिवड्याची वाटी, एकाने दोन वाटे करायचे, दुसऱ्याने आधी उचलायचं. थोरलीला वाटे करू द्या. ती शेंगदाणेसुद्धा मोजेल.

प्रत्यक्ष भांडण पेटलं की काय करायचं? मारामारी, चावणं, काही फेकणं असेल तर लगेच मध्ये जा, दोघांना वेगळं करा, आधी लागलेल्याकडे बघा. त्या वेळी शिकवणी घेऊ नका. रागाने लाल झालेल्या मुलाच्या कानात काही शिरत नाही, मोठ्यांच्याही शिरत नाही. नुसती ओढाताण आणि आरडाओरडा असेल तर जवळ जाऊन बसा आणि थोडं थांबा. 'सुरुवात कोणी केली?' हे विचारू नका. त्याचं खरं उत्तर कधीच मिळत नाही, वकिली तेवढी वाढते. जे दिसतंय ते सांगा : "खडू एक आहे आणि तो दोघांनाही हवाय. आता काय करायचं?" मग गप्प बसा. हे गप्प बसणं सगळ्यात कठीण. पहिले काही दिवस मुलं तुमच्या तोंडाकडे बघत राहतील, कारण निकाल वरून यायची त्यांना सवय आहे. नंतर काहीतरी विचित्र तोडगा निघेल. तो आपल्याला समान वाटणार नाही. दोघांना चालत असेल तर तुम्ही त्यात सुधारणा करायला जाऊ नका.

मुलांना हे अजिबात जमत नाही असं नाही. गल्लीत खेळताना त्यांचा कारभार बघा. राज्य कोणावर हे अडम-तडम करून ठरतं. धाप लागली की टाइमप्लीज घेता येतो. हरल्यावर भोकाड पसरणाऱ्याला रडीचा डाव म्हणून सुनावलं जातं. आणि सगळ्यात शहाणपणाची व्यवस्था म्हणजे लिंबूटिंबू. लहान भावंडाला खेळात घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य येत नाही आणि त्याच्यामुळे मोठ्यांचा डावही बिघडत नाही. कुठल्या समितीने त्यांना हे दिलेलं नाही. तुमच्या पुतण्याला घरातही लिंबूटिंबू करता येईल. थोरली चित्र काढत असताना शेजारी त्याचा वेगळा कागद आणि त्याचे वेगळे जाडे खडू, जे मोडले तरी कोणाला दुःख नाही. तो तिच्या खेळात आहेही आणि नाहीही.

सॉरीबद्दल माझं मत जरा कडक आहे. सगळ्यांसमोर म्हणायला लावलेलं सॉरी मुलाला अपमानच शिकवतं. त्यापेक्षा जे बिघडलं ते नीट करायला लावावं. टेंगूळ आलं तर बर्फ आणून द्यायचा. खडू मोडला तर चिकटपट्टी लावायला बसायचं, हे धाकट्यालाही जमतं. सॉरी शब्द मागाहून त्यांचा त्यांना सुचला तर उत्तम. आणि घरात मोठी माणसं एकमेकांना तो म्हणत असतील तर मुलांना वेगळा शिकवावा लागत नाही.

इथे मी तुमच्या पत्रातल्या त्या भागाकडे येते, जो तुम्ही एका ओळीत उरकला आहे. तुम्ही लिहिता, "जाऊबाई बोलत नाहीत, म्हणून मला हे लवकर मिटवायचं आहे." ताई, जरा नीट बघा. रंगपेटी त्या दिवशी तुम्ही पुतण्याला दिलीत, की जाऊबाईंना? मला वाटतं, वरच्या मजल्यावरचा राग शांत करायला तुमच्या हाताशी त्या क्षणी जे होतं ते तुम्ही पुढे केलंत, आणि ते नेमकं मुलीचं होतं. एकत्र राहणाऱ्या घरांत हे फार होतं. मोठ्यांच्या संबंधांची किंमत मुलांच्या खेळण्यांतून चुकवली जाते आणि वर त्याला संस्कार म्हणतात. माझा अंदाज चुकीचा असेल तर सोडून द्या. पण बरोबर असेल, तर मुलीला काहीही शिकवून वरचा अबोला सुटणार नाही.

जाऊबाईंच्या बाजूनेही विचार करा. त्या दिवसभर बाहेर असतात, मूल तुमच्या भरवशावर खाली असतं. संध्याकाळी येऊन त्याच्या कपाळावर टेंगूळ बघितलं. त्यांना राग आला असेल, पण रोज तुमची मदत घ्यायची म्हणून बोलताही येत नसेल. तेव्हा मुलं झोपल्यावर वर जा, सासूबाईंना न घेता. चहा त्यांच्याच घरी घ्या. "त्याला लागलं याचं मला वाईट वाटलं. त्या वेळी मी खोलीत नव्हते. यापुढे दोघं खेळताना मी किंवा आई जवळ असू. आणि मुलांची भांडणं आपल्या दोघींत येऊ नयेत असं मला वाटतं." मुलीची बाजू मांडू नका, मुलाच्या तक्रारी सांगू नका. शक्य असेल तर एवढंच मागा की पुतण्याने स्वतःची दोन-तीन खेळणी खाली आणून ठेवावीत. खाली सगळं ताईचंच असतं, त्यामुळे तो कायम मागणारा ठरतो आणि ती कायम अडवणारी.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांच्या लहानपणी घरात सात-आठ भावंडं असतील, कोणाची वेगळी वस्तूच नसेल. मोठीने सोडायचं हीच घर चालवायची रीत असेल आणि त्या स्वतः मोठ्या असतील तर त्यांनी आयुष्यभर सोडलंही असेल. त्यांना 'आई, तुमचं चुकतं' म्हणण्यात अर्थ नाही. "आई, आठ दिवस करून बघू. भांडण झालं की आपण दोघी लगेच बोलायचं नाही, नुसतं जवळ बसायचं," असं म्हणा. आजीला पंचाचं काम द्या, झोके मोजायचं, कोणाची पाळी ते लक्षात ठेवायचं. अधूनमधून त्यांच्या तोंडून 'दे त्याला' निघेलच. तेव्हा मुलीकडे बघून एवढंच म्हणा, "तुझं झालं की दे." सासूबाईंना उत्तर देण्याची गरज नाही.

आता संक्रांत तोंडावर आली आहे, तिचा उपयोग करून घ्या. 2011 साली तीन वर्षांच्या मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. दोघांनी मिळून दोऱ्या ओढून खेळणी मिळवली, तर ज्याच्याकडे जास्त आली तो दुसऱ्याला देऊन वाटा समान करायचा. खेळणी आयती मिळाली असतील तर असं देणं बरंच कमी दिसलं. मिळून कष्ट केले की वाटा देणं लहानांनाही जमतं, असं त्यातून दिसतं. पतंगाला तर दोघं लागतातच : एकाने ढील द्यायची, दुसऱ्याने आसारी, म्हणजे दोऱ्याची फिरकी, धरायची. दोघांना मिळून एकच पतंग द्या, साधा सुती दोरा द्या आणि नायलॉन मांजा घरात आणूच नका, त्यावर बंदी आहे. गच्चीवर साडेचार वर्षांचं मूल असेल तर एका मोठ्याने फक्त त्याच्याकडे बघायचं, आकाशाकडे नाही. याच धर्तीवर घरातही दोघांना एकत्र करायची कामं शोधा. मटार सोलणं, चादरीची दोन टोकं धरून घडी घालणं, असं काहीही.

एकच अपत्य असलेले वाचक विचारतील, आमच्याकडे भांडायला कोणी नाही, मग? तुम्ही मुलाशी पत्ते, सापशिडी खेळा आणि दर वेळी मुद्दाम हरू नका. पाहुणी मुलं येणार असतील तर काय बाहेर काढायचं, काय आत ठेवायचं हे ती यायच्या आधी मुलाला विचारा. आणि ज्यांच्या घरी एक मूल दुसऱ्याला सतत भिऊन असतं, मार नेहमी एकाच बाजूने बसतो, किंवा शाळेतूनही तशाच तक्रारी येतात, त्यांनी हे उपाय करत महिने घालवू नयेत. बालरोगतज्ज्ञांशी किंवा समुपदेशकांशी बोलावं.

ताई, तुमच्याकडे ती वेळ आलेली नाही. कामांचा क्रम मात्र मी सांगते तोच ठेवा. आधी मुलीशी बोलणं, मग तिचा खण, मग वरचा चहा. तिळगूळ द्यायच्या निमित्ताने बोलू, असं म्हणून थांबू नका. त्या दिवशी घरात दहा माणसं असतात आणि खरं बोलणं राहूनच जातं. जाऊबाई पहिल्या भेटीत मोकळ्या झाल्या नाहीत तरी घाईने दुसरं काही करू नका, आणि कृपा करून त्यांच्या मुलासाठी भेटवस्तू घेऊन जाऊ नका.